जुनी गुठळी, की होऊन गेलेली? मानेच्या शिरेच्या कोडिंगवरून डोकं फिरलंय

निपाणीचा_कोडर | रात्री १.२०

नमस्कार मंडळी. घरात सगळे झोपलेत, म्हणून आत्ता लिहितोय. अमेरिकन चार्टांचं ओपीडी कोडिंग करतो, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून आजारांना ठरलेले कोड लावतो, चौथं वर्ष चालू आहे. आज ऑडिटमध्ये एक एरर बसली ती काही केल्या पचत नाहीये.

चार्टमधली ओळख पटेल अशी माहिती काढून टाकली आहे. पेशंटला केमोसाठी पोर्ट (औषध द्यायला शिरेत घातलेली, कातडीखालची नळी) बसवला होता. त्यानंतर मानेतल्या शिरेत, म्हणजे इंटर्नल ज्युगुलरमध्ये, गुठळी सापडली. त्याला आठ महिने झाले. एलिक्विस (एपिक्साबॅन, रक्त पातळ करायची गोळी) चालू. व्हिजिटच्या आधी डॉपलर (शिरेची सोनोग्राफी) झालाय, रिपोर्टमध्ये 'उजवी इंटर्नल ज्युगुलर, क्रॉनिक दिसणारी, शीर पूर्ण बंद नाही' असं आहे. डॉक्टरांच्या असेसमेंटमध्ये मात्र एवढंच: 'हिस्टरी ऑफ आयजे डीव्हीटी, एलिक्विस चालू ठेवा.' (आयजे म्हणजे तीच इंटर्नल ज्युगुलर, डीव्हीटी म्हणजे खोल शिरेतली गुठळी.)

मी लावले आय८२.सी२१ (उजव्या आयजेची क्रॉनिक, म्हणजे जुनी, गुठळी) आणि झेड७९.०१ (रक्त पातळ करायची गोळी चालू). ऑडिटर म्हणतो चूक, हिस्टरी लिहिलंय म्हणजे झेड८६.७१८ (गुठळी होऊन गेलेली). आता सांगा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, गुठळी डॉपलरमध्ये दिसतेय, आणि हिस्टरी कशी काय?

---

तिसरं_गेट | सकाळी ७.०५

निपाणीकर, सकाळी सकाळी वाईट वाटेल असं सांगतो. तुम्हीही चुकलात आणि तुमचा ऑडिटरही चुकला. (मी स्वतः ऑडिटर आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे.)

तुम्ही कोड उचलला डॉपलरच्या रिपोर्टवरून. त्यानं उचलला 'हिस्टरी ऑफ' एवढ्या दोन शब्दांवरून. मधे एक काम राहिलं, ते म्हणजे डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलासा विचारणारा लेखी प्रश्न, पाठवणं.

आपल्या कोडिंगच्या भाषेत हिस्टरी म्हणजे आजार संपला, उपचार संपले, फक्त होऊन गेल्याची नोंद उरली. डॉक्टर लोक मात्र 'हिस्टरी ऑफ' हे 'याला हे आहे' याच अर्थानं सर्रास लिहितात. हिस्टरी ऑफ डायबेटिस लिहून त्याच ओळीत इन्सुलिनचा डोस लिहिलेला तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल.

तेव्हा शक्यता दोन. एक, गुठळी अजून आहे आणि गोळी तिच्यासाठीच आहे, मग आय८२.सी२१ आणि झेड७९.०१. दोन, गुठळी विरघळली, गोळी पुन्हा होऊ नये म्हणून, मग झेड८६.७१८ आणि झेड७९.०१. म्हणजे झेड७९.०१ दोन्हीकडे आहेच. गोळी चालू आहे यावरून आजार चालू आहे असं सिद्ध होत नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? तुमचा अर्धा युक्तिवाद त्या गोळीवर उभा होता.

---

खानापूरची | सकाळी ९.४०

दादा, मी नवीन आहे, पुण्याच्या एका क्लासचा ऑनलाइन कोर्स करतेय. आम्हाला शिकवलं की तीन आठवड्यांच्या वर गेलं की क्रॉनिक लावायचं. मग इथे आठ महिने झालेत म्हणजे क्रॉनिकच ना?

आणि सीच्या पुढचे आकडे माझ्या डोक्यात राहतच नाहीत.

---

तिसरं_गेट | सकाळी १०.१५

ताई, कोडबुकात कुठेही आठवड्यांचा हिशेब दिलेला नाही. रेडिओलॉजीवाले त्यांच्या सोयीसाठी दिवस मोजतात, ते त्यांचं त्यांच्यापाशी. अक्यूट (ताजी) की क्रॉनिक हे उपचार करणारा डॉक्टर लिहिणार. कोडरनं कॅलेंडर बघून ठरवायचं नाही. हा क्लासवाल्यांचा आवडता शॉर्टकट आहे, परीक्षेत एखादा मार्क मिळेल, ऑडिटमध्ये जाईल.

आकडे लक्षात ठेवायला सोपं आहे. आय८२ म्हणजे शिरेतली गुठळी. पुढे ए काखेची, बी हंसळीखालची, सी मानेतली आतली. काखेतून वर मानेकडे गेलात की ए, बी, सी आपोआप येतं. पुढचा आकडा १ असेल तर अक्यूट, २ असेल तर क्रॉनिक. शेवटचा १ उजवी, २ डावी, ३ दोन्ही, ९ बाजू माहीत नाही. म्हणून सी२२ म्हणजे डाव्या बाजूची क्रॉनिक. झालं.

शेवटचा ९ शक्यतो लावू नका. बाजू डॉक्टरांनी लिहिली नसेल आणि त्याच चार्टमध्ये नर्सनं किंवा दुसऱ्या क्लिनिशियननं लिहिली असेल तर ती घेता येते, मार्गदर्शक सूचनांमध्ये तशी सोय आहे. एकानं उजवी आणि दुसऱ्यानं डावी लिहिलं असेल तर मात्र परत क्वेरी.

अवांतर: आमच्या पिढीनं हे आयसीडी-९ मध्ये, म्हणजे आधीच्या कोडबुकात, केलंय. क्रॉनिकला ४५३.७६, अक्यूटला ४५३.८६. उजवं-डावं काही नव्हतं. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-१०-सीएम आलं आणि त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कुणी घरी गेलं नाही.

---

सोनोग्राफीवाला | दुपारी १२.३०

कोडिंग मला कळत नाही, पण डॉपलर रोज करतो (टिळकवाडीत, एवढंच सांगतो). त्यामुळे 'क्रॉनिक दिसणारी' या शब्दांबद्दल थोडं.

मानेवर प्रोब आडवा ठेवला की शेजारी शेजारी दोन गोल दिसतात. एक धडधडतं, ती धमनी. दुसरी शीर. हलकं दाबलं की निरोगी शीर सपाट होते, पोस्टाच्या पाकिटासारखी, आणि धमनी गोलच राहते. गुठळी असली की शीर दबत नाही. ताज्या गुठळीत शीर टम्म फुगलेली, आतलं काळपट. अशा वेळी जोर लावून दाबायचं नसतं, आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी हातावर चापट मारून शिकवलंय. जुनी असली की शीर आक्रसते, भिंत जाड होते, आत पांढरट दोरे दिसतात, मधून थोडं रक्त वाहायला लागतं आणि आजूबाजूला लहान लहान शिरांच्या चोरवाटा झालेल्या असतात.

म्हणून आम्ही 'दिसणारी' म्हणतो. पडद्यावर तारीख छापलेली नसते. मागचा रिपोर्ट हातात असेल तर खात्रीनं बोलता येतं. पण पेशंट मागचा रिपोर्ट आणतोय कधी? पिशवीत रेशन कार्ड असतं, आधार असतं, मागची फिल्म तेवढी घरी राहिलेली असते.

---

डायलिसिस_सिस्टर | दुपारी ३.१०

सोनोग्राफीदादा, पिशवीचं बोललात म्हणून लिहिते.

आमच्याकडे चिकोडी तालुक्यातले पेशंट जास्त. घरी मराठी, दवाखान्यात कन्नड, कागदावर इंग्रजी. एका आजोबांना मानेतून डायलिसिसचं कॅथेटर होतं, ते काढलं, नंतर मान आणि चेहरा सुजायला लागला. सून म्हणाली, 'मानेत गाठ झालीय म्हणालेत.' आमच्या इथली नवीन मुलगी कन्नड बोलणारी, हुशार पोरगी. तिनं मनात 'गंटू' असा तर्जुमा केला आणि इंग्रजीत लिहिलं 'मानेत लम्प'. पुढच्या दवाखान्यात ते तसंच गेलं. तिथे त्यांनी थायरॉईडची सोनोग्राफी करायला सांगितली! आजोबा तीन दिवस घाबरून, कॅन्सर आहे म्हणून जेवेनात.

आता आपल्याकडे गाठ म्हणजे काखेतली गाठ, गाठ म्हणजे रक्ताची गाठ, गाठ म्हणजे दोरीची गाठ. गंटूचंही तसंच. मी आता पोरींना सांगून ठेवलंय, नातेवाइकानं गाठ म्हटलं की विचारायचं: बाहेरून हाताला लागते का, की डॉक्टरांनी फोटोत बघून सांगितलंय? रक्ताची असेल तर गुठळी लिहा, इंग्रजीत थ्रॉम्बस लिहा.

---

तिसरं_गेट | दुपारी ३.३५

सिस्टर, तुमचा 'मानेत लम्प' माझ्या टेबलावर आला असता तर आर२२.१ झाला असता. मानेला सूज किंवा गाठ, एवढंच. शीर नाही, रक्त नाही, कॅथेटर नाही. कोडर बिचारा कागदावर आहे तेच लावणार.

शिवाय तुमच्या आजोबांना कॅथेटरमुळेच गुठळी झाली असं डॉक्टरांनी लिहिलं असतं तर अमेरिकन पद्धतीत आधी टी८२.८६८ए (रक्तवाहिनीत बसवलेल्या उपकरणामुळे झालेली गुठळी) आणि मग आय८२चा कोड. शेवटच्या 'ए' ला लोक पहिली व्हिजिट समजतात, तसं नाही. त्या गुंतागुंतीवर उपचार चालू आहेत तोवर 'ए'च, मग ती दहावी व्हिजिट का असेना. पण 'कॅथेटरमुळे' हे डॉक्टरांनी लिहिलं पाहिजे. कॅथेटर होतं आणि गुठळीही झाली, म्हणून आपण दोन्ही जोडायचं नाही.

---

कागवाडचा_मुलगा | संध्याकाळी ६.५०

मी कोडर नाही, डॉक्टर नाही. मित्रानं लिंक पाठवली म्हणून वाचतोय. आमचं प्रकरण तंतोतंत हेच आहे.

वडिलांना गेल्या वर्षी मिरजेला आयसीयूत ठेवलं होतं, पॅन्क्रिया सुजलेला. तेव्हा मानेच्या शिरेतून लाईन, म्हणजे औषधाची नळी, घातली होती. बरे होऊन घरी आले. तीन महिन्यांनी मान दुखायला लागली, बेळगावला दाखवलं, गुठळी निघाली, चार दिवस ॲडमिट. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय 'क्रॉनिक थ्रॉम्बस, नेक व्हेन'. बस्स. बाजू नाही, कधीपासून नाही, मिरजेच्या लाईनचा उल्लेख नाही.

विम्याला दोन वर्षं झालीत. टीपीएची (विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणारी संस्था) क्वेरी आली: आजार क्रॉनिक आहे, म्हणजे पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे का, खुलासा करा. आता मी डॉक्टरांना सांगून तो 'क्रॉनिक' शब्द काढून घेऊ का? ओळखीचे सगळे तेच म्हणालेत.

---

तिसरं_गेट | संध्याकाळी ७.२०

अजिबात नको! शब्द खोडलेलं कार्ड टीपीएच्या हातात पडलं तर आहे तो क्लेमही जाईल, आणि डॉक्टर गोत्यात येतील ते वेगळंच.

'क्रॉनिक' म्हणजे आधीपासूनचा नव्हे. ज्या दिवशी झाली त्या दिवशी ती ताजीच होती, न विरघळता राहिली म्हणून आता क्रॉनिक. तुमची पॉलिसी दोन वर्षांची, लाईन गेल्या वर्षीची. त्यामुळे शब्द काढायला सांगू नका, तारीख घालायला सांगा. मिरजेची आयसीयू समरी काढा, त्यात लाईन कुठल्या बाजूला आणि किती दिवस होती ते असतं. बेळगावचा पहिला डॉपलर त्याला जोडा. आणि डॉक्टरांकडून साधं पत्र घ्या: कुठली शीर, कुठली बाजू, पहिल्यांदा कधी दिसली, त्यांच्या मते कशामुळे. त्यांच्या मते, हां. तुम्ही मजकूर लिहून सही घ्यायला जाऊ नका.

आधीपासूनच्या आजारावर क्लेम मिळायची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने, २०२४ पासून. आधी ४८ होती. टीपीए तेवढ्यासाठीच विचारतोय, तुमच्यावर राग म्हणून नाही.

---

कपिलेश्वर_रोड | संध्याकाळी ७.५५

अवांतर होतंय, पण राहवत नाही. दोन्हीकडच्या योजना आहेत म्हणे आपल्याला. इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, आणि महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना द्यायचं ठरवलं. त्यावरून केवढा वाद झाला. पण मिरजेतला कागद बेळगावात आणि बेळगावातला कागद मिरजेत वाचला जाईल, याची योजना कुणी काढणार का?

---

तिसरं_गेट | रात्री ८.००

सीमाप्रश्न दुसऱ्या धाग्यावर, कृपया. इथे एकच शीर पुरे आहे.

---

घटप्रभा_काठ | रात्री १०.४५

मी फिजिशियन आहे, गोकाककडे. आमच्या जमातीवर बरंच बोलून झालंय, म्हणून एक कबुली.

आम्ही 'हिस्टरी ऑफ' का लिहितो? कारण ओपीडीत साठ पेशंट असतात आणि पेशंट समोर बसून मागचं सांगत असतो. ते ऐकता ऐकता हात लिहितो. त्या दोन शब्दांमुळे कुठे निपाणीत कुणाची एरर मोजली जाते, हे आम्हाला माहीतही नसतं. माहीत झालं तरी पहिल्यांदा रागच येतो, की आता ही मंडळी आम्हाला मेडिसिन शिकवणार!

पण कागवाडच्या मुलाचं वाचून पटलं. मी हल्ली एक वाक्य पूर्ण लिहायची सवय लावतोय. उदाहरणार्थ: 'उजव्या इंटर्नल ज्युगुलर शिरेत जुनी गुठळी अजून आहे. सेंट्रल लाईनमुळे झालेली. अमुक तारखेच्या डॉपलरमध्ये पहिल्यांदा दिसली. औषध चालू, तीन महिन्यांनी परत डॉपलर.' घड्याळ लावून बघितलं, अर्धा मिनिट जातं.

'मानेची शीर' एवढ्यावर भागत नाही हेही खरं. मानेत बाहेरची ज्युगुलरही असते, कातडीखाली दिसणारी. तिच्यातली गुठळी आणि आतल्या मोठ्या शिरेतली गुठळी ही दोन वेगळी दुखणी आहेत. आतलीचा रस्ता सरळ छातीत जातो.

---

खानापूरची | रात्री ११.१०

वाचनखूण साठवली आहे. सर, एक विचारू? पेशंट ॲस्पिरिनवर असेल तरी झेड७९.०१ ना? रक्त पातळच करते ती.

---

तिसरं_गेट | रात्री ११.२५

ताई, ॲस्पिरिनला वेगळा कोड आहे, झेड७९.८२. क्लोपिडोग्रेलसारख्याला झेड७९.०२. 'रक्त पातळ करायची गोळी' हे घरात बोलायला ठीक. झेड७९.०१ फक्त अँटिकोॲग्युलंटला, म्हणजे वॉरफॅरिन, एपिक्साबॅन वगैरे. आपल्याकडची एसीट्रॉमही त्यातलीच.

निपाणीकर कुठे गायब झाले?

---

निपाणीचा_कोडर | रात्री १२.४०

इथेच आहे. दिवसभर हेस्कॉमनं लाईट घालवली होती, इन्व्हर्टरवर लॉगिन टिकवलं. सगळं वाचलं. गेट अण्णा, क्वेरीचा मसुदा केलाय, बघता का?

'पेशंटला उजव्या आयजेमध्ये क्रॉनिक गुठळी असल्याचं डॉपलरमध्ये दिसतं व एलिक्विस चालू आहे. कृपया क्रॉनिक थ्रॉम्बोसिस असल्याची खात्री करावी.'

---

तिसरं_गेट | रात्री १२.५५

हा मसुदा गेला तर दुसरी एरर येईल. उत्तर तुम्हीच तोंडात घातलंत, डॉक्टरांनी फक्त मान हलवायची. याला लीडिंग क्वेरी म्हणतात.

आधी चार्टमध्ये जे आहे ते आहे तसं मांडा: असेसमेंटमध्ये 'हिस्टरी ऑफ आयजे डीव्हीटी', अमुक तारखेचा डॉपलर असं म्हणतो, एलिक्विस चालू आहे. मग विचारा: या व्हिजिटच्या वेळी आजाराची स्थिती काय होती? पर्याय द्या. अक्यूट; क्रॉनिक, उपचार चालू; बरा झालेला, गोळी प्रतिबंधासाठी; इतर, कृपया लिहा; सांगता येत नाही. पैशाचा, रिस्क स्कोअरचा उल्लेख चुकूनही नको. सोनोग्राफीवाल्यांचं 'दिसणारी' तसंच ठेवा, तुम्ही ते खाऊन टाकलंत.

---

निपाणीचा_कोडर | पाच दिवसांनी, रात्री २.०५

उत्तर आलं. डॉक्टरांनी पुरवणी नोंद केली: उजव्या बाजूची क्रॉनिक इंटर्नल ज्युगुलर गुठळी, अजून आहे, पोर्टमुळे, उपचार चालू. म्हणजे माझा आय८२.सी२१ बरोबरच होता, वर टी८२.८६८ए राहिला होता तो वेगळाच! उड्या मारत ऑडिटरला मेल टाकला.

त्याचं म्हणणं: कोड आता बरोबर आहे, पण ज्या दिवशी तुम्ही सबमिट केला त्या दिवशी चार्टमध्ये त्याला आधार नव्हता. एरर कायम.

---

तिसरं_गेट | सकाळी ७.१०

मीही कायम ठेवली असती. मात्र त्यानं लावलेला झेड८६.७१८ ही त्याची एरर, ती कोण मोजतंय ते विचारा.

---

कागवाडचा_मुलगा | सकाळी ११.३०

मिरजेची समरी मिळाली. लाईन उजवीकडे होती, नऊ दिवस. डॉपलरही उजवीकडचाच. बेळगावच्या डॉक्टरांनी पत्र दिलं, आधी जरा चिडले, मग मीच तारखा पुढे ठेवल्यावर स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या. सगळं अपलोड केलंय. स्टेटस अजून 'प्रक्रियेत' दाखवतंय.

सिस्टर, एक विचारायचं होतं. वडील अजून शेजाऱ्यांना 'मानेत गाठ आहे' असंच सांगतात. काय सांगायला सांगू?

---

डायलिसिस_सिस्टर | दुपारी २.४५

'शिरेत रक्त साकळलंय, गोळी चालू आहे' म्हणू दे. आणि रिपोर्टची पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवा, पुढच्या वेळी निघताना हाताशी येईल.